स्पोकवरचं चुंबक

एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, दुसऱ्यांच्या.
शंभराचं बंडल अंगठ्याखालून सुटताना
जो वारा येतो, तेवढाच माझ्या वाट्याचा.
निवृत्तीच्या पैशातून सायकल घेतली तेव्हा
जावई म्हणाला, आई, गुडघे?
आहेत, म्हटलं. दोन.
तेही मोजलेत.

दिंडोरीपर्यंत द्राक्षांचे मांडव,
फवारणीचा वास घशात,
क्रेट लादलेले टेम्पो कोपराला घासून जाणारे.
वणीच्या पुढे रस्ता मान वर करतो.
नांदुरीनंतर मी उतरले. ढकलली.
ढकलणं हाही प्रवासच,
असं दोन शेळ्यांना समजावलं. त्यांना पटलं.
मागे तंबू, स्टोव्ह, जादा ट्यूब, अमृतधारा,
आणि हॅन्डलवर तो बारका डबा,
चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चुंबक समोरून गेलं
की एक टिपणारा.
एकोणसाठ पूर्णांक चार.
पाच.
मी घाट चढत नव्हते, आकडा चढवत होते.

चणकापूरच्या पाण्याकाठी मुक्काम.
खुंट्या शिरेनात, खाली काळा कातळ.
मग चारी कोपऱ्यांना धोंडे ठेवले
वाळवणाच्या साडीवर ठेवतात तसे.
खिचडी खालून लागली, वरून कच्ची.
रात्री पलीकडच्या काठावर कुणीतरी
बॅटरी घेऊन मासे शोधत होतं.
उजेड पाण्यात जाई, रिकामा परत येई.
आणि थंडी कुठून येते ते तेव्हा कळलं:
आभाळातून नाही,
पाठीखालून.

पहाटे सायकलपाशी एक पोरगा उकिडवा.
देवराम गावित, पाचवी, आश्रमशाळा,
आज सुट्टी, हे त्यानं न विचारता सांगितलं.
"याच्यात लोहचुंबक हाय."
माहितीये, म्हटलं.
"काढू?"
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि चहा उतू गेला.

रुपयाच्या नाण्यानं त्यानं स्क्रू फिरवला.
वहीचं पान, पानावर मूठभर वाळू,
पानाखालून चुंबक.
आणि वाळूतले काळे कण उठून उभे राहिले,
केसाळ, सुरवंटासारखे,
बोट वळेल तिकडे वळत.
"डोंगराचं लोखंड," तो म्हणाला,
"पावसात उतरतं खाली. हलकं पाणी घेऊन जातं.
जड आमच्याकडे ऱ्हातं."
सुरवंट पानाच्या रेघा ओलांडत गेला, समासातून परत आला.
मीही एकदा फिरवून पाहिला.
दोनदा.
चहा गार झाला, त्यावर साय धरली.

मी निघाले तेव्हा चुंबक त्याच्या मुठीत होतं.
मी दिलं, की त्यानं ठेवून घेतलं,
हा हिशोब दोघांनीही काढला नाही.

कनाशी. मग हातगडकडचा चढ.
सगळ्यात हलका गिअर, तरी मांड्यांत शिसं.
डब्यावर शून्य.
घाम डोळ्यात. शून्य.
करवंदीच्या जाळीत काहीतरी खसखसलं,
थांबलं, माझ्याकडे पाहिलं असावं. शून्य.
जुनी खोड, अंगठा उगाच बोटावर घासत राहिला,
त्याच्याखाली काही नव्हतं, मुठीचं रबर आणि ऊन.
वळणावर एक ट्रक, बॉनेट उघडं, वाफ.
ड्रायव्हर म्हणाला, मावशी, कुठून?
किती किलोमीटर झाले?
सांगायला मी खाली पाहिलं.
मग विचारलं, पाणी हवंय का गाडीला?
अर्धी बाटली रेडिएटर प्यायला,
अर्धी आम्ही दोघं.

नंतर उतार.
ब्रेकचं रबर तापल्याचा वास,
स्टोव्हचं झाकण मागे खडखडतंय,
आणि कानात तोच वारा,
बंडल सुटल्याचा,
पण शंभरला न थांबणारा.

बोरगावला पोचले तेव्हा
मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला होता.
कधी तुटला, कुठं,
कोण जाणे.